दिवेलागणीचा तास

मंडळी, आपल्या वार्तापत्राच्या जवळजवळ प्रत्येक अंकात कुणी ना कुणी एक वाक्य लिहितंच: आमच्या लहानपणी दिवे लागले की हातपाय धुऊन देवापुढे बसायचं, शुभंकरोति म्हणायचं आणि मग परवचा. वाक्य खरं आहे. आम्हीही ते घरात पुष्कळदा म्हणतो, बहुतेक वेळा मुलांच्या हातातला टॅबलेट काढून घेताना. पण हे 'लहानपण' नेमकं कुठल्या काळातलं, हा तास घराघरांत आला कुठून, त्यात कोण बसत असे आणि कोण बसत नसे, याचा जरा शोध घ्यावा असं आम्हा उभयतांना यंदाच्या हिवाळ्यात वाटलं. बाहेर बर्फ, सॉकर बंद, ड्राइव्ह-वे साफ करून झालेला. घरातली जुनी पुस्तकं, लायब्ररीतून मागवलेली काही, आणि फोनवर आईला विचारलेले प्रश्न, एवढ्या भांडवलावर जे हाती लागलं ते इथे देत आहोत. ज्यांना सोनेरी भूतकाळच हवा असेल त्यांनी पान उलटावं. पुढे तिळाच्या वड्यांची कृती आहेच.

सुरुवात पंतोजींपासून करावी लागते. इंग्रजी अमलाच्या आधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं गावोगाव पंतोजींची शाळा असे. देवळाच्या ओवरीत, कुणाच्या पडवीत, नाहीतर पंतोजींच्याच घरी. मूल आधी धूळपाटीवर, म्हणजे वाळू किंवा विटेची भुकटी पसरलेल्या फळीवर, बोटाने अक्षर गिरवी. मग बोरू, शाई, आणि बाळबोधपेक्षा जास्त मान मोडीला, कारण हिशेब, पत्रं, दस्तऐवज सगळं मोडीत चालायचं. पंतोजींना पगार सरकारचा नव्हे, पालकांचा. कधी रोख, कधी धान्य. आणि दिवसाच्या शेवटी सगळी मुलं उभी राहून एकाने सांगायचं, बाकीच्यांनी मोठ्याने म्हणायचं. तो परवचा. शाळेतला हा शेवटचा तासच पुढे घरात, समईसमोर आला. देवाचं म्हणणं आणि पाढे एका दमात म्हटले जात. त्यात भक्ती किती आणि व्यापार किती, हे वेगळं काढणं अवघड.

व्यापार म्हणण्याचं कारण असं. परवच्यात नुसतं बे एके बे नव्हतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी होती. औट म्हणजे साडेतीन. सात सव्वा पावणेनऊ, नऊ औटे साडेएकतीस, हे मुलाला झोपेतही यायला हवं असे. का? कारण रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे ४, मणाचे शेर ४०, शेराचे अच्छेर, पावशेर, अदपाव. जे मूल उद्या दुकानाच्या गादीवर किंवा कुळकर्ण्याच्या दप्तराशी बसणार, त्याला पाव आणि पाऊण तोंडावर नसेल तर ते बुडालंच. परवचा हे त्या काळचं गणकयंत्र होतं, आणि ते डोक्यात बसवायला समईच्या उजेडाइतकाच खर्च येत असे.

हे गणकयंत्र बंद पडलं ते कुणी मुलं आळशी झाली म्हणून नव्हे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅमही आले. आणे गेले, शेर गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ पावकी-औटकीचं काम संपलं. मोडीही साधारण त्याच काळात शाळेतून गेली. आमच्या पिढीच्या वाट्याला परवच्यातलं शुभंकरोति आणि तीसपर्यंतचे पाढे उरले. त्यालाच आम्ही परवचा म्हणतो.

गंमत पुढेच आहे. भारतात ज्या कारणाने पावकी मेली ते कारण या देशात अजून घडलेलंच नाही. अमेरिकेने १९७५ साली मेट्रिकसाठी कायदा केला, पण तो ऐच्छिक, आणि लोकांनी त्या ऐच्छिकपणाचा पुरेपूर फायदा घेतला. इथे पौंडाचे औंस १६, जसे रुपयाचे आणे १६. डॉलरचा पाव भाग म्हणजे क्वार्टर, आणि तो प्रत्येकाच्या खिशात खुळखुळतो. स्वयंपाकघरात पाव कप, अर्धा कप, पाऊण कप. आमच्या इमारतीतल्या कपडे धुण्याच्या मशीनला क्वार्टरच लागतात. धाकट्याला आम्ही नाणी मोजायला बसवलं आणि सहज म्हटलं, सात पाव पावणेदोन, नऊ पाव सव्वादोन, अकरा पाव पावणेतीन. त्याने अठ्ठावीस नाण्यांचा ढीग पुढे केला. अठ्ठावीस पाव सात. त्याला वाटलं ही काहीतरी जादू आहे. जी गोष्ट पुण्या-मुंबईच्या मुलाला आता निरुपयोगी, ती ओहायो किंवा न्यू जर्सीतल्या मुलाला चांगली उपयोगी पडते. पाढे पाठ करण्याबद्दल आमचं मत एरवी फारसं बरं नाही, पण पावकीची शिफारस आम्ही मनापासून करतो.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्यानामांबरोबर 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचण्याची रीत आली आणि वर्तमानपत्रांतून मोठा गदारोळ झाला. मराठी बुडाली असं म्हणणारे पुष्कळ होते. आमच्या घरातही यावरून दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत घोटाळणाऱ्या इथल्या मुलांना 'साठ तीन' हे वरदानच. दुसरा पक्ष म्हणतो, त्रेसष्ट गेला की पाढ्याची लय गेली. पहिला पक्ष रविवारच्या मराठी वर्गात शिकवतो, त्यामुळे तूर्त त्याचं चालतं.

आता त्या समईभोवती कोण बसत होतं ते पाहू. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या शाळांची पाहणी झाली. सुमारे ४७ लाख लोकवस्तीत १,७०५ शाळा आणि ३५,००० च्या आसपास मुलं भरली. म्हणजे शंभर माणसांत शाळेत जाणारं मूल एकही नाही. जी होती ती ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार अशा ज्यांना लेखणीचं किंवा तराजूचं काम होतं त्यांच्या घरची, आणि जवळपास सगळे मुलगे. शेतकऱ्याच्या, महारा-मांगांच्या, धनगराच्या घरी दिवेलागण होत नव्हती असं नाही. तिथे त्या वेळी गुरं बांधायची असत, भाकरी थापायची असे, आणि तेल वाचवण्यासाठी दिवा लवकर मालवायचा असे. तेव्हा 'आपल्याकडे पूर्वी प्रत्येक घरात' हे शब्द लिहिण्याआधी आपण सर्वांनीच हात आखडावा.

ही स्थिती बदलायला किती माणसांना झिजावं लागलं! १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना लिहा-वाचायला शिकवलं ते जोतीरावांनीच. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. सरकारने ऐकलं नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ साली साऱ्या संस्थानात ते लागू केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचं आणि मोफत केलं. आपल्या मंडळातल्या ज्या कुटुंबांत शाळेची परंपरा दोन-तीन पिढ्यांचीच आहे त्यांची संध्याकाळ परवच्यातून आलेली नाही. ती या माणसांच्या खटपटीतून आलेली आहे. आम्हांला ती जास्त कमावलेली वाटते.

मुलींच्या शिक्षणाचा विषय निघाला की अमेरिकेचा धागाही येतो, आणि तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतो. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ सालीच उतरले होते. मुलींसाठी त्यांनी तिथे १८२४ साली शाळा उघडली. १८७० च्या दशकात त्यांनीच 'बालबोधमेवा' हे मुलांचं मराठी मासिक सुरू केलं. हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. पण मुलांसाठी वेगळं, चित्रांचं मासिक असावं ही कल्पना त्यांनी आणली हेही तितकंच खरं.

घरातल्या शिक्षणाची खरी कहाणी मात्र मुलांची नसून बायकांची आहे. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, आणि अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना रात्री शिकवायला सुरुवात केली. विरोध बाहेरून नव्हे, माजघरातून झाला. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे, अबोला, सगळं सोसून त्या शिकल्या. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकात हे सारं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी अवश्य वाचावं. त्यातली मराठी बोलण्यासारखी आहे, मुलांना वाचून दाखवली तरी समजते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'बद्दलही हेच म्हणता येईल, शिवाय हसू आवरत नाही.

आणि आनंदीबाई जोशी. कल्याणला १८६५ साली जन्म, नवव्या वर्षी लग्न, नवरा पोस्टातला कारकून. गोपाळरावांनी बायकोला शिकवायचं असा ध्यास घेतला. तो ध्यास इतका की अभ्यास टाकून स्वयंपाकघरात रमली म्हणून मारहाण केल्याच्या हकिकती चरित्रांत आहेत. शिकवणाऱ्याचा हेतू थोर असला म्हणजे शिकणाऱ्याचे हाल कमी होतात असं नाही, हे घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या कुठल्याही बापाने आठवणीत ठेवायला हरकत नाही. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यू यॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या. नऊवारी नेसून, आपलं खाणं आपण रांधून. मग फिलाडेल्फियाचं वैद्यकीय महाविद्यालय, ११ मार्च १८८६ रोजी पदवी, आणि पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात क्षयाने मृत्यू. वय पुरतं बावीसही नव्हतं. त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटरांकडे पाठवण्यात आल्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावच्या स्मशानभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. या देशात मराठी घर पहिल्यांदा कुणी मांडलं असं विचारलं तर आम्ही रोझेलमधल्या त्या खोलीचं नाव घेऊ.

आमच्या घरची गोष्ट इतकी मोठी नाही, पण याच रांगेतली आहे. आमच्या आईची शाळा चौथीत सुटली. संध्याकाळी तिचे भाऊ ओसरीवर परवचा म्हणत आणि ती आत वाती वळत किंवा तांदूळ निवडत ऐकत असे. तिला कुणी बसवलं नाही, कुणी विचारलं नाही. आज भावांपैकी एकालाही औटकी आठवत नाही. आई अजून शंभर औटेपर्यंत न अडखळता म्हणते. घराण्यातली ती विद्या दाराआडून ऐकणारीनेच सांभाळली. ही गोष्ट तिने आम्हांला या हिवाळ्यात, आम्ही विचारल्यावर, पहिल्यांदा सांगितली. सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, थोडा तोरा होता.

आता करमणुकीकडे वळू. मुलांसाठी छापलेलं पहिलं मराठी वाङ्मय करमणुकीचं म्हणावं की शिकवणीचं, हा प्रश्नच आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही पुस्तकं १८२८ सालची. 'बाळमित्र' मुळात फ्रेंच, बर्कें नावाच्या लेखकाचं, ते इंग्रजीतून मराठीत आलं. म्हणजे परदेशी गोष्टींवर मराठी मुलं वाढायला लागली त्याला दोनशे वर्षं होत आली. आपल्या मुलांनी हॅरी पॉटर वाचला की जीव घाबरा करण्याचं कारण नाही. छत्र्यांनीच १८३० साली 'वेताळ पंचविशी' आणली, आणि हाच वेताळ पुढे एकशेवीसेक वर्षांनी चांदोबात विक्रमाच्या खांद्यावर येऊन बसला.

मधल्या काळात विनायक कोंडदेव ओक या शिक्षणखात्यातल्या गृहस्थांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढलं आणि १९१४ साली मरेपर्यंत, तेहतीस वर्षं, चालवलं. चरित्रं, निबंध, शास्त्रीय माहिती, कविता, आणि त्यातलं बहुतेक स्वतःच्या हातचं. आपलं वार्तापत्र वर्षातून चार वेळा काढताना संपादक मंडळाची जी तारांबळ उडते ती पाहता ओकांना साष्टांग नमस्कार घातला पाहिजे. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' काढलं. नावातच फरक दिसतो. ओकांना मुलांना बोध करायचा होता. आपट्यांना वाटलं की आनंदही द्यावा.

या विचाराला पुरतं शास्त्र मिळालं ते ताराबाई मोडकांमुळे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. मूल खेळतं तेव्हा ते वेळ वाया घालवत नसतं, ते कामच करत असतं, हे त्यांनी मराठी आईबापांना मासिकातून, भाषणांतून वर्षानुवर्षं सांगितलं. मारू नका, भीती दाखवू नका, बक्षिसाचं आमिषही नको. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना बरोबर घेऊन. तिथल्या वारली मुलांना शाळेत यायला वेळ नव्हता, कारण ती गुरांमागे जात. तेव्हा शाळा कुरणात नेली. गुरं चरतात, मुलं शिकतात: कुरणशाळा. अंगणात भरणारी ती अंगणवाडी, आणि हाच शब्द १९७५ साली सरकारी बालविकास योजनेने साऱ्या देशासाठी उचलला. इथे मुलाला पियानोहून पोहायला, पोहण्याहून मराठी वर्गाला, तिथून गणिताच्या शिकवणीला गाडीतून नेताना आम्हांला ताराबाईंची आठवण होते. त्यांनी शाळा मुलाच्या मागे नेली. आपण मूल शाळांच्या मागे नेतो, ताशी पासष्ट मैल वेगाने.

'श्यामची आई'बद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि लिहावं तर घरात भांडण होतं. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते प्रसिद्ध झालं, आणि आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पुस्तकाची प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. संध्याकाळची प्रार्थना झाली की आश्रमात मंडळी जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे दिवेलागणीच्या त्या तासाचंच पुस्तक. थोरलीला वाचून दाखवायला घेतलं तेव्हा तिने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, "ती आई सारखी रडते का? आणि तिला कुणी मदत का करत नाही?" आमच्यातल्या एकाला हा प्रश्न उद्धट वाटला. दुसऱ्याला वाटलं, गेल्या नव्वद वर्षांत या पुस्तकाला इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. कोकणातलं कर्ज, भावबंदकी, आजारपण, त्या काळी बाईच्या हाती काय होतं आणि काय नव्हतं, हे सगळं समजावून सांगावं लागलं. वाचन पानांनी कमी झालं, बोलणं मात्र पुष्कळ झालं. पुस्तक पुरं व्हायला वर्ष लागलं.

चांदोबाविषयी कमी सांगितलं तरी चालेल, कारण इथे जमणाऱ्या प्रत्येकाचे डोळे ते नाव काढताच चमकतात. तेलुगू आणि तमिळमध्ये १९४७ साली निघालेलं हे मासिक १९५२ साली मराठीत आलं, छपाई मद्रासची. तळहाती तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेल्या विक्रमाचं ते चित्र काढणारे शंकर २०२० साली गेले, मासिक त्याआधीच बंद पडलं होतं. 'किशोर' मात्र चालू आहे. बालभारतीची स्थापना १९६७ ची, आणि तिने १९७१ साली वसंत शिरवाडकरांच्या संपादकत्वाखाली ते सुरू केलं. रेडिओवरचं 'बालोद्यान', १९७२ साली मुंबई दूरदर्शन आल्यावरचं 'किलबिल', १९५९ साली सुधा करमरकरांनी रंगमंचावर आणलेली 'मधुमंजिरी' आणि पुढे रत्नाकर मतकरींची 'अलबत्या गलबत्या'सारखी बालनाट्यं, यांवर स्वतंत्र लेख कुणीतरी लिहावा. एवढंच नोंदवतो की यातल्या प्रत्येक गोष्टीने मुलं बिघडणार असं त्या त्या वेळच्या वडीलधाऱ्यांनी म्हटलेलं आहे. कादंबऱ्यांबद्दल म्हटलं, सिनेमाबद्दल म्हटलं, टीव्हीबद्दल तर आमच्याच आईवडिलांनी म्हटलं.

खेळांचंही थोडं. विटीदांडूत विटी कुठे टोलवायची त्याचे शब्द आठवतात? वकट, लेंड, मुंड, नाल. आम्ही लहानपणी हे निरर्थक बोल समजून ओरडत होतो. आमच्या शेजारी हैदराबादचं तेलुगू कुटुंब राहतं. त्यांच्या आजोबांना हे शब्द सांगितले तर ते हसायलाच लागले: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. एक, दोन, तीन, चार! मराठी पोरं शेकडो गल्ल्यांतून दाक्षिणात्य अंक मोजत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. कुठल्या काळी, कुणाच्या संगतीत हा खेळ आला असेल ते असो. पण मुलांच्या खेळातले शब्द ग्रंथांपेक्षा चिवट असतात. आपल्या उन्हाळी सहलीत यंदा विटीदांडू ठेवावा अशी सूचना समितीकडे दिली आहे. (बागेच्या नियमांत बसतं का ते पाहायचं आहे.)

शेवटी इथल्या संध्याकाळीविषयी. १९६५ च्या कायद्याने या देशाचं दार उघडलं आणि आपली माणसं येऊ लागली. शिकागोचं मंडळ १९६९ चं, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. लंडनचं तर १९३२ पासून आहे. मॉरिशसला गेलेले मराठी लोक एकोणिसाव्या शतकापासून तिथे आहेत आणि मुलांना शाळेत मराठी शिकता येतं. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल मंडळींनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. म्हणजे मुलांच्या तोंडी भाषा टिकावी ही धडपड करणारे आपण पहिले नाही. प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा, कारण प्रत्येक ठिकाणची संध्याकाळ वेगळी.

आमच्या घरी संध्याकाळी सात वाजता एकजण कामावरून परतत असतो, एकजण पोळ्या लाटत असतो, थोरली गृहपाठ करते आणि धाकटा भुकेलेला असतो. त्या वेळी शुभंकरोति म्हणवून घ्यायचा प्रयत्न आम्ही तीन वर्षं केला. त्यातून चिडचिडीशिवाय काही निघेना. मग घड्याळ मांडून बसलो. पुण्याला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात, हिवाळ्यात साडेआठ. शनिवारी त्या वेळी कुणालाच घाई नसते. तेव्हा आमच्या घरची दिवेलागण आता शनिवारी सकाळी होते. आई तिकडे देवापुढे निरांजन लावते, फोन कुणीतरी समोर धरतं, इकडे मुलं न्याहारीच्या टेबलाशी असतात. ती त्यांच्याकडून पाढे म्हणवून घेत नाही. ती औटकी म्हणते आणि मध्येच थांबते. पुढचं उत्तर ज्याला आधी येईल त्याने ओरडायचं. मुलं पटकन इंग्रजीत ओरडली तर तिला ऐकू येत नाही. खरंच येत नाही की ती तसं करते, हे आम्ही विचारलेलं नाही. तिचं वय आता ८४ आहे. ऐकू कमी येतं हे खरं, पण मराठी उत्तर मात्र तिला पहिल्या खेपेला कळतं. थोरली मधूनमधून तिला 'किशोर'मधली एखादी गोष्ट वाचून दाखवते, जोडाक्षरांवर अडखळत. आई तिकडून दुरुस्त करत नाही, पुढे काय झालं एवढंच विचारते. गेल्या महिन्यात एका शनिवारी आईला बरं नव्हतं, फोन झाला नाही. त्या दिवशी धाकट्याने आपण होऊन क्वार्टरचा डबा काढला आणि एकटाच म्हणत बसला. तेवीस पाव पावणेसहा.

'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने संगणकावर विनामूल्य ठेवले आहेत. ते कसे उघडायचे हे रविवारच्या वर्गात दाखवू. मंडळाच्या कपाटात चांदोबाचे जवळपास चाळीस अंक आणि 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत आहे. चावी खजिनदारांकडे असते. अंक नेताना वहीत नाव लिहावं आणि दिवाळीपर्यंत परत करावेत. पावकी ते औटकी, शंभरपर्यंत, आईने सांगितल्याप्रमाणे आम्ही लिहून काढत आहोत. पाऊणकी झाली आहे. हव्या असतील त्यांनी पुढच्या सभेत सांगावं, झेरॉक्स काढून आणू.